पितळेची पट्टी आणि ताईचं लग्न

आमचा कॅमेरा दिवसाउजेडी लग्नांवर पोसलेला होता. सांगलीत अण्णांचं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक जैन मंडळी, हळदीगुळाचे व्यापारी आणि आसपासचे बागायतदार. त्यांच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, म्हणून लग्नंही सकाळची आणि पंगतीही उन्हातल्या. मांडवाच्या कापडातून उजेड असा झिरपून यायचा की अण्णा म्हणायचे, "देवानंच बत्ती धरलीया, आपुन नुसतं बटन दाबायचं." कॅमेरा जुना जर्मन, हातात मावेल एवढा. डोळ्याला लावायच्या खिडकीत समोरचा माणूस दुहेरी दिसायचा. भिंगाची कडी फिरवत दोन्ही माणसं एकावर एक आणली की फोटो रेखीव येणार, अशी त्याची रीत. फ्लॅशची वायर जोडायला मात्र त्याला जागाच नव्हती. तो घडला तेव्हा फ्लॅश असा कॅमेऱ्याला जोडतात हेच त्याच्या कारागिरांना ठाऊक नसावं. आमचं त्यावाचून कधी अडलं नव्हतं. अडलं ते घरच्याच लग्नात.

पुढं स्टुडिओ आणि मागं घर. सकाळी उठलं की फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास आणि लसणीच्या चटणीचा वास एकत्रच नाकात जायचा. परातीत नळाची बारीक धार सोडलेली असायची, त्यात प्रिंटा धूत पडलेल्या, आणि दिवसभर तो झुळझुळ आवाज. आई खिडकीपाशी बसायची. निगेटिव्ह काचेवर धरायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं लोकांच्या तोंडावरचे देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालचे खड्डे बुजवायची. तव्यावर भाकरी टाकून ती तेवढ्यात एक नजर मारायला म्हणून उठायची, आणि भाकरी करपायची. आमच्याकडं करपलेल्या भाकरीला फोटोची भाकरी म्हणत. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण निगेटिव्ह ती पेपर वाचावा तशी वाचायची. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं, हा हिशेब तिला मनात करावाच लागायचा नाही. एखादी प्रिंट तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय स्टुडिओच्या बाहेर पडायची नाही.

आणखी एक काम आमच्याकडं यायचं, ते म्हणजे मेलेल्या माणसाला फोटोत बसवायचं. घरातले सगळे फोटोत आहेत आणि बाप आधीच गेलाय, तर कुठल्या तरी जुन्या फोटोतला बाप आणून मधल्या खुर्चीवर बसवायचा. दोन निगेटिव्हांवरून एका कागदावर छापणं अण्णांचं, आणि मधला सांधा ब्रशानं बुजवणं आईचं. लोक तो फोटो बघून ढसाढसा रडायचे. सांधा कुणाला दिसायचा नाही, एकट्या आईला दिसायचा.

त्या आईला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलेलं होतं. पोटात गाठ होती आणि ती कसली हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर म्हणायचे, "बऱ्या व्हाल." आत्या रात्रंदिवस उशाशी बसलेली, ती म्हणायची, "वैनी, बेंदराला तुमीच पोळ्या करायच्या हायत्या." अण्णा तर खोटं बोलताना छताकडं बघायचे. मला चीड यायची. आई काय कुक्कुलं बाळ होती? तिनं आयुष्यभर लोकांच्या तोंडावरचं लपवलं होतं, तिला लपवलेलं कळत नसेल? पण माझी बोलायची टाप नव्हती, घरात धाकटी. सगळं गोड बोलणं ती ऐकून घ्यायची आणि भिंतीकडं बघत पडायची.

तिच्या मनात एकच घोर होता, ताईचं लग्न. शालनताईची पहिली सोयरीक जमून मोडलेली. आईच्या दुखण्याची कुणकुण लागली आणि सुपारी फुटलेलं लग्न त्या लोकांनी मोडलं, म्हणे घराण्यात रोग. ही गोष्टसुद्धा आईपासून कितीतरी दिवस लपवली. कळली तेव्हा ती रडली नाही. म्हणाली, "हितनं म्होरं मला कुणी कायबी सांगू नगा. मी डोळ्यानं बघीन तवाच मानीन."

दुसरं स्थळ आलं ते साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं. दहिवडीच्या पलीकडं त्यांचं गाव, मुलगा फौजेत. त्या लोकांनी दुखण्याचं ऐकून घेतलं आणि मुलाची आई म्हणाली, "आजार काय कुणी बाजारातनं आणतंय व्हय? पोरगी चांगली हाय न्हवं?" असली माणसं. पण मुलाची रजा अवचित मंजूर झाली, ती पण आखूड. लग्न त्यांच्या दारात, मुहूर्त गोरजाचा, आणि गावात वीज नाही. डॉक्टर अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले की आता दिवसांचा भरवसा नाही. आईला गाडीत घालून माणात न्यायचं तर ती वाटेतच जायची.

अण्णा लग्नाचं सांगायला गेले तर आईनं त्यांचा हात धरला. "आवं, मला दोघास्नी शेजारी बघायचंय. फोटू आणा. दुसऱ्या दिशीच आणा. तेवढं बघितल्याबिगर मी डोळं मिटायची न्हाई, आन बघितल्याबिगर मानायचीबी न्हाई."

गोरजाला उजेड कुठला? गॅसबत्तीच्या उजेडात आमच्या कॅमेऱ्यानं माणसं म्हणजे धुराचे लोट आले असते. ऐन लग्नसराई, फ्लॅशवाला फोटोग्राफर साताऱ्यातही मोकळा नव्हता आणि सांगलीतही. कॅमेरा तिपाईवर ठेवून, पडदा हातानं उघडा धरून, फ्लॅश वेगळा उडवायचा, ही जुनी युक्ती अण्णांना यायची, पण त्याला माणसं दगडासारखी बसावी लागतात. लग्नात कोण बसतंय? मग अण्णांनी ठरवलं की आपल्याच कॅमेऱ्याला फ्लॅश जोडायचा. बुडत्याला काडीचा आधार.

कॅमेऱ्याच्या आत कापडाचा पडदा असतो. बटन दाबलं की तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकत उघडतो, आणि पुरता उघडलेला असतानाच फ्लॅशचा उजेड पडला पाहिजे. लवकर पडला तर उरलेला भाग पडद्याआड राहतो. आमच्या कॅमेऱ्याची एक खोड होती, पडदा सरकताना त्याच्या डोक्यावरची वेगाची चकतीही गर्रकन फिरायची. अण्णांनी त्या चकतीला टाचणीच्या डोक्याएवढा खिळा डकवला. शेजारच्या खाचेत वीज अडवणारा एबोनाइटचा तुकडा बसवून त्यावर जुन्या टॉर्चमधली पितळेची पट्टी लावली आणि तिला वायर जोडली. चकती फिरली की खिळा पट्टीला टेकणार आणि बल्ब पेटणार. सांगायला सोपं आहे. अण्णा भिंग डोळ्याला लावून त्या पट्टीला केसाएवढा बाक द्यायचे, आणि मी अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदाचा तुकडा घालून द्यायची. बटन दाबायचं, बल्ब भक्कन पेटायचा, कागद धुवायचा. अर्धाच काळा झाला की अण्णांचं तोंड उतरायचं. काचेचे ते बल्ब एकदा पेटले की कामातून गेले, आणि बाजारात मिळत नव्हते. कुठल्या कुठल्या कपाटातून मागून आणलेले. ते संपत आले तसे अण्णा रात्रंदिवस पट्टीलाच चिकटले. जेवायचे नाहीत. मी ताट ठेवायची, भाकरीला वरून पापुद्रा यायचा, तशीच उचलायची. शेवटी एक कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत काळाभोर निघाला. अण्णा जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडले. मला वाटलं, सुटलो.

आता लग्नाला बल्ब कुठले? ते तर चाचणीतच संपले होते. आम्ही निघायच्या दिवशी मिरजेच्या एका स्टुडिओवाल्यांना आईचं कळलं, आणि ते स्वतः एसटी स्टँडवर आपला जास्तीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घेऊन आले. खांद्याला अडकवायची बॅटरीची पेटी, हातात भली मोठी बत्ती. बल्ब बदलायची भानगड नाही, कितीही वेळा उडवा. "घेऊन जावा अण्णा, वैनींचं काम हाय," म्हणाले. अण्णांनी तिथंच वायर जोडून बटन दाबलं, लख्खकन उजेड पडला, हमाल दचकले. अण्णांनी त्यांचे हात हातात घेतले. गाडी सुटत होती.

हल्ली जुने कॅमेरे जमवायचा नाद असलेली माणसं असतात. साताऱ्याचे एक इंजिनिअर माझ्याकडं येऊन ही पट्टी कशी बसवली होती ते विचारून गेले, त्यांनाही तसंच करायचं होतं. मी त्यांना चहा दिला, सगळं सांगितलं आणि दम भरला, की बाबा, ज्या उजेडानं फोटो काढणार त्याच उजेडानं तपासून बघ. ते हसले. त्यांना ते पुस्तकातून आधीच माहीत होतं. आम्हाला कोण सांगणार? बल्ब म्हणजे ओल्या फाट्यासारखा, पेटायला जरा वेळ घेतो, म्हणून अण्णांनी पट्टी थोडी आधी टेकेल अशी बसवली होती. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश टेकल्याबरोबर पेटतो आणि पापणी लवायच्या आत विझतोही. आमचा पडदा तोवर अर्ध्या वाटेत.

लग्न चांगलं झालं, हे आज सुद्धा सांगवत नाही इतकं चांगलं झालं. अंगणात गॅसबत्त्या, बाहेर मेंढरं परतत होती त्यांची धूळ, गुळाच्या लापशीचा वास. कन्यादानाला जोडा लागतो, म्हणून काका-काकू बसले. अण्णांनी पोरीचं लग्न त्या एवढ्याशा खिडकीतून बघितलं आणि मी पेटी खांद्याला लावून बत्ती धरून त्यांच्या मागं. फ्लॅश उडाला की पोरंटोरं ओरडायची, "इज चमाकली रं!" एक म्हातारी मला म्हणाली, "आगं बया, माझ्या डोळ्याम्होरं समदं निळं झालं की!" काकूनं दम भरला होता, म्हणून ताई मान वर करत नव्हती, जरा नवऱ्याकडं कललेली. आधी ती त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे आमच्या डावीकडं, बसली, आणि सप्तपदी झाल्यावर रीतीप्रमाणं उठून डाव्या हाताला गेली. बायको झाली. मी बत्ती धरून मनात म्हणत होते, आई, बघ, आई, बघ.

पहाटेच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघंच परतलो. आल्या आल्या अण्णा अंधाऱ्या खोलीत गेले, आणि मी चूल पेटवली. आतून हाक आली नाही, पावलाचा आवाज आला नाही, काहीच नाही. दार ढकललं तर दिवा लावलेला, फिल्म ओली टांगलेली, आणि अण्णा स्टुलावर डोकं धरून. प्रत्येक फोटो उभा चिरल्यासारखा. डाव्या बाजूला माणूस लख्ख, उजव्या बाजूला काही नाही. सप्तपदीच्या आधीच्या सगळ्या फोटोंत ताई आहे आणि नवरा नाही, नंतरच्या सगळ्यांत नवरा आहे आणि ताई नाही. दोघं शेजारी एकाही फोटोत नाहीत.

"तिनं एकच मागितलं हुतं," अण्णा म्हणाले. "उभ्या जल्मात एकच."

परत माणात जाऊन दोघांना उजेडात उभं करून आणायचं तर दोन दिवस, आणि आत्याचा निरोप येऊन पडला होता की लवकर या, आवाज खोल गेलाय. अण्णा उठले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, "जोडूया." मला ते पटलं, आजही पटतं. दुसरं करणार काय होतो? त्यांनी नवरा घेतला तो नंतरच्या फोटोतला, डावीकडं. ताई घेतली आधीच्या फोटोतली आणि कागदावर आणली उजवीकडं. पण तिथं ठेवल्यावर ती नवऱ्याकडं पाठ करून भलतीकडंच कलायला लागली. मग अण्णांनी निगेटिव्ह उलटी घातली. आता ताई नवऱ्याकडं वळली. मी मधे पुठ्ठा हलवत धरला, दोन्हींचा सांधा विरावा म्हणून. प्रिंट निघाली ती जशी काही दोघं जन्मोजन्मीची शेजारी. अण्णांनी सांध्यावर ब्रश फिरवला. आईसारखा नाही जमला, पण जमला. ती घरातून बाहेर पडलेली पहिली प्रिंट, जी आईच्या नजरेखालून गेली नव्हती.

दवाखान्यात आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन खिडकीतून कॉटवर आलं होतं. आत्यानं तिला उशीला टेकवून बसवलं. हातात फोटो दिला. तिचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, एवढ्यासाठी काहीही चालेल. तिनं नवऱ्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. मग ताईच्या. मग बोट थांबलं.

"नथ," आई म्हणाली.

"काय गं?" अण्णा म्हणाले.

"नथ उजव्या नाकात कशी आली?"

आईनं फोटो डोळ्यांजवळ नेला, तिरका धरला, उजेडात फिरवला. ते तिचं रोजचं काम होतं. "जोडलाय ह्यो," ती म्हणाली, अगदी हळू. "शालन दुसरीकडची हाय, ह्यो दुसरीकडचा. मोडलं न्हवं लगीन? ह्येबी मोडलं."

"न्हाई गं! लागलं, लय झोकात लागलं! तुझ्या गळ्याशप्पत—"

"शपता नगा घालू. बरी हुशील म्हनता, त्येबी शपता घालूनच म्हनता. मेलेल्या मानसाला बशिवत्यात तसं मला जावई बशिवला व्हय तुमी?" तिनं फोटो पालथा केला आणि भिंतीकडं तोंड केलं. आत्या रडायला लागली. अण्णा विनवत राहिले, पट्टीचं सांगत राहिले, बल्बचं सांगत राहिले. ती ऐकत नव्हती. आमच्या सगळ्यांच्या गोड बोलण्याचं हे फळ. इतके दिवस खोटं सांगितलं आणि आता खरं सांगायला जीभ उरली नाही. अण्णा बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटायला लागले, एका वॉर्डबॉयनं त्यांना धरलं.

माझं डोकं मात्र तडकलं. मी तशीच धावत सुटले, बस धरली, घरी आले, वाळत टांगलेली फिल्म जशीच्या तशी, न कापता गुंडाळली आणि परत आले. आई डोळे मिटून होती. मी तिचा खांदा हलवला. आत्या "आगं, आगं" करत होती.

"उघड डोळं," मी म्हटलं. "फोटू खोटा हाय. कबूल. अण्णांनी केला, मी पुठ्ठा धरला. आता ही फिल्म बघ. ह्यात एक जरी सांधा घावला तर माझं तोंड बघू नगंस."

तिनं डोळे उघडले ते बहुतेक माझ्या आवाजाला. फिल्म म्हटल्यावर मात्र हात आपोआप पुढं आला. मी एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि ती खिडकीकडं धरून वाचायला लागली. एक एक चौकोन पुढं सरकवत. मग म्हणाली, "पडदा अर्धाच उघडलाय की. समद्यांत. ह्येंनी पट्टी लवकर लावली." आणि जरा वेळानं, "खोटं करायचं असतं तर येवढं वंगाळ कुनी केलं असतं?"

ती पुढं गेली. हार, अक्षता, होमाचा धूर. ताई, ताई, ताई, आणि शेजारी कोरं. मग एका ठिकाणी तिचा हात थांबला. त्या चौकोनापासून ताई नाहीशी झाली होती आणि तिच्या जागी नवरा दिसायला लागला होता. आईनं मागचा चौकोन बघितला, पुढचा बघितला, परत मागचा.

"हितं जागा बदलली," ती म्हणाली. "हितनं शालन डावीकडं गेली." तिनं माझं मनगट धरलं. "म्हंजी सप्तपदी झाली. झालं गं लगीन. इमल, झालं लगीन! त्येस्नी बोलीव."

मी अण्णांना आत आणलं. आईनं त्यांना जवळ बसवलं आणि फिल्ममधला जावई दाखवला, जणू यांनी कधी बघितलाच नव्हता. "कान मोठं हायत. मानूस चांगला आसंल," म्हणाली. मग ऊन कॉटवरून सरकलं, तरी तिनं फिल्मचं टोक सोडलं नाही. जेवायला पेज आणली, ती घेतली नाही.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. तार गेली, आणि ताई नि दाजी आले तोवर आम्ही नदीवरून परतही आलो होतो. ताईच्या अंगावर अजून हळदीचा वास होता, हातात हिरवा चुडा. ती मला धरून रडली आणि मग पहिलं तेच विचारलं, "आईनं बघितलं का मला?"

"बघितलं. फिल्मवर बघितलं."

ताई फोटोवाल्याचीच लेक, तिला लगेच कळलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्हंजी माझं तोंड तिला काळंच दिसलं."

"न्हाई गं," मी म्हटलं. "ती म्हणाली, पोरीला हळद लय चांगली चढलीया."

बरं वाटावं म्हणून मी तसं सांगितलं, असं ताई मरेपर्यंत समजत राहिली. आई खरंच म्हणाली होती.